तवंदी घाटात बॉनेट उडालं त्याचं कारण

आमच्या गल्लीतले मास्तर दरवर्षी दिवाळी अंक काढतात. यंदा मला म्हणाले, "मिस्त्री, तुमच्या शेडातल्या गमतीजमती लिहा." मी म्हणालो, चौथी शिकलेला माणूस काय लिहिणार. ते म्हणाले, बोलता तसं लिहा, बाकीचं मी बघतो. म्हणून बसलोय.

गमती आहेत, त्या सांगतो. पण मी गमती सांगायला बसलेलो नाही. माझी बायको शेवंता गेल्या वर्षी वारली. तिच्या हातांबद्दल मी एकदा चार माणसांपुढं एक वाक्य बोललो होतो. ते वाक्य निपाणीतून निघालं आणि बोरगाव, सदलगा करत चिकोडीपर्यंत फिरलं. ते मिटवायचं राहून गेलं. आता ती नाही, आणि मीही किती दिवस आहे माहीत नाही. तेव्हा लिहून टाकतो. पण आधी धंदा काय होता ते सांगावं लागंल, त्याशिवाय कळायचं नाही.

माझा धंदा फुटक्या प्लास्टिकचा. बापाची हयात तंबाखूच्या वखारीत पोती उचलण्यात गेली. मला ते नको होतं म्हणून मी बेळगावला पळालो आणि गाड्यांच्या बॉड्या बांधणाऱ्या एका गॅरेजात सहा वर्षं काढली. एकाहत्तर-बाहत्तर साल असंल. पत्रा ठोकायला शिकलो, रंग मारायला शिकलो. परत निपाणीला येऊन शेड टाकली, तर गाडी कोण देईना. पत्र्याचे मिस्त्री आधीच चार होते, आणि आमच्या वस्तीतल्या पोराकडं गाडी सोडायला लोक मागंपुढं बघायचे. मग जे कुणी घेत नव्हतं ते मी घेतलं. तंबाखूवर औषध मारायच्या पंपाच्या टाक्या, बॅटरीचे डबे, बादल्या. लोखंडी पट्टी तापवायची, चिरेवर फिरवायची, प्लास्टिक विरघळून एकजीव होतं. वास असा सुटायचा की शेजारचा चहावाला बाबूमामा म्हणायचा, "यल्लाप्पा, तुझ्यापायी माझ्या च्याला बादलीची चव यायल्या."

पुढं जीपा आल्या. मिलिट्रीच्या लिलावातल्या जुन्या जीपा ह्या भागात लई यायच्या. ऊस, तंबाखू, नदीकाठची काळी जमीन, तिथं दुसरी गाडी चालत नाही. पण पत्रा गंजायचा. ऐंशीच्या पुढं लोकांनी गंजका पत्रा काढून फायबर बसवायला सुरुवात केली. वरचा टप फायबरचा, मडगार्ड फायबरचं, बॉनेट फायबरचं. लोक त्यालाही प्लास्टिकच म्हणायचे. ते हलकं असतं, गंजत नाही. पण जीप बांधावरून उडी मारते, चाकोरीत आपटते. लोखंडाला पोचा येतो, फायबरला चीर पडते. पोचा लांबून दिसतो. चीर मात्र रंगाखाली केसासारखी बसलेली असते आणि आतनं वाढत जाते.

ती कशी दुरुस्त करायची ते सांगतो. चीर जिथं संपते तिथं आधी बारीक भोक पाडायचं, म्हणजे ती पुढं पळत नाही. मग आतल्या बाजूनं घासून घासून जागा खडबडीत करायची. काम सगळं आतनं. बाहेरून नुसती लांबी, म्हणजे पुट्टी, भरून रंग मारला तर दिसायला झकास आणि टिकायला शून्य. खडबडीत जागेवर काचेच्या धाग्याची चटई ठेवायची, तिला मॅट म्हणतात. त्यावर रेझिन, म्हणजे काकवीसारखा घट्ट द्राव, ब्रशनं जिरवायचा. त्यात हार्डनरचे थेंब पडले की तो पंधरा-वीस मिनिटांत दगड होतो. उन्हाळ्यात त्याहून लवकर. डबा हातात गरम व्हायला लागला की समजायचं वेळ संपली. एकावर एक तीन-चार मॅटी बसवायच्या आणि मधली हवा बोटांनी दाबून दाबून बाहेर काढायची. एक फुगा आत राहिला तरी पुढं तिथंच फुटणार.

माझी बोटं जाड. फुगे राहायचे. शेवंता बिड्या वळायची. आमच्याकडच्या निम्म्या बायका वळायच्या. एकदा भाकरी घेऊन शेडात आली आणि माझी धडपड बघत उभी राहिली. म्हणाली, "सरा." बसली आणि त्या चिकट मॅटीवरनं चार बोटं अशी फिरवली की फुगे कडेला येऊन मेले. मी बघतच राहिलो. ती म्हणाली, "बिडी वळताना हवा ऱ्हायली तर इझती. ह्यात काय नवं हाय?"

तेव्हापासून सकाळी बिड्या, दुपारी शेड. बिडीचं पान कापायचा पत्र्याचा फर्मा असतो, बोटाएवढा. तो तिच्या कमरेला कायम. मॅटीचे तुकडे ती त्याच्या मापानं पटापट कापायची. काम वाळलं की त्याच फर्म्यानं टिकटिक वाजवून बघायची. आत पोकळ असलं तर आवाज बसका येतो. मला कधी नीट ऐकू आला नाही. तिला यायचा. आणि अजून एक सवय होती. माझं घासून झालं की मागनं फडकं थिनरमध्ये बुडवून ती जागा पुसायची. मला वाटायचं, बायकांची पुसापुशी.

चिकोडीचे जनावरांचे डॉक्टर यायचे. त्यांच्या जीपेचं मडगार्ड म्हशींनी फोडलेलं. तिसऱ्यांदा आले तेव्हा मी म्हणालो, "डॉक्टरसाब, गाडी लांब लावा की गोठ्यापासनं." ते म्हणाले, "लांबच लावतो रं. आता म्हशी गाडी वळखायल्यात." बेळगावचे एक वकील होते. जीप हौसेची, रविवारी खानापूरच्या रानात न्यायचे. टपाला पडलेली चीर दुरुस्त केली तर खिशातनं भिंग काढून सांधा शोधत बसले. त्यांना काही सापडेना. शेवंता कोपऱ्यात फर्म्यानं वाजवत होती. म्हणाली, "सायेब, ती सोडा. ह्या अंगाला दुसरी चीर हाय, ती बघा." भिंगातून बघितली तरी दिसेना. घासली तेव्हा वीतभर निघाली. वकील आले होते एक चीर घेऊन, गेले दोन दुरुस्त करून. जाताना मला म्हणाले, "मिस्त्री, तुमचा कान तिकडं बसलाय." तेव्हा मी हसलो होतो. मला अभिमान वाटला होता, खोटं कशाला सांगू.

आता मलगोंडाण्णा.

मलगोंडाण्णा सदलग्याचे. शेती मोठी, माणूस तापट, पण शब्दाचा पक्का. जीप स्वतः चालवायचे. माझ्या शेडाची जागा त्यांच्या मेव्हण्याची होती, हे ध्यानात ठेवा. त्यांच्या जीपेचं बॉनेट फायबरचं. जीपेचं बॉनेट मागं काचेपाशी बिजागरीवर असतं आणि पुढं दोन्ही कोपऱ्यांना हुकानं दाबून बसवतात. उसाच्या फडात गाडी सरीवरून आपटली आणि डावा कोपरा हुकाच्या बुडाशी चिरला. तो हूक म्हणजे सगळं. वाऱ्यानं बॉनेट वर उचलायला बघतं, त्याला धरून ठेवतो तो हूक.

वळवाचा दिवस होता. आभाळ भरून आलेलं. अण्णा म्हणाले, "पाऊस यायच्या आत दे. म्हातारीला संकेश्वरला न्यायचं हाय." म्हातारी म्हणजे त्यांची आई. ओल आली की रेझिन नीट वाळत नाही, म्हणून मलाही घाई. मी तोंडात तंबाखू टाकली, घासायला बसलो. मला दिवसभर तंबाखू लागायची. डाव्या तळव्यावर चुना, तंबाखू, उजव्या अंगठ्यानं मळायची, झाडायची, दाढेखाली ठेवायची. वखारीच्या गावात ते कुणाला दिसतसुद्धा नाही. घासून झालं की मी जागेवरून तळहात फिरवायचो, अंगठ्यानं कडा चाचपायचो. खडबडीत झालंय का ते हाताला कळतं. बेळगावच्या उस्तादाची सवय, माझ्यात उतरलेली. त्या दिवशीही फिरवला.

शेवंता फडकं घेऊन आली. मी म्हणालो, "ऱ्हाऊ दे."

"एकदा पुसतो की."

"किती पुसतीस? भांडं हाय काय ते? आभाळ बघ."

अण्णा हसले. ती मागं सरली. मी डबा कालवला, तिनं मॅटी बसवल्या, बोटं फिरवली. पावसाचा थेंब पडायच्या आत काम वाळलं. तिनं फर्म्यानं वाजवलं. म्हणाली, "आवाज बरा हाय." पण बोलताना माझ्याकडं बघितलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी अण्णा आले. जीप ओढून आणली होती. त्यांच्या कपाळाला पट्टी. पुढची काच नव्हतीच. मागं मेव्हणा. दोघांनी मिळून बॉनेट माझ्यापुढं आणून आपटलं.

संकेश्वरहून परत येताना तवंदी घाट उतरत होते. म्हातारी पुढच्या सीटवर. उतारावर गाडीनं वेग धरला आणि डाव्या कोपऱ्याला काहीतरी कटकन वाजलं. एकट्या उजव्या हुकाला धरवेना, बॉनेट वर उठलं आणि सगळ्या काचेवर येऊन आपटलं. पुढं काही दिसेना. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी. अण्णांनी डोकं बाहेर काढून, डोंगराच्या अंगाला गाडी घासत घासत थांबवली. म्हातारीच्या हातात काचेचे तुकडे घुसले. ती वाचली. अण्णा सांगत होते तेव्हा त्यांचा आवाज थरथरत होता, आणि तो माणूस थरथरणारा नव्हता.

मी बॉनेट उलटं केलं. माझा पॅच अख्खा सुटून आला होता. फुटला नव्हता, तडकला नव्हता. बिस्किटाच्या पुड्यावरचा कागद सोलावा तसा सुटला होता. असं कधी झालं नव्हतं.

अण्णा म्हणाले, "यारू माडिद्दु? कुणी केलं हे काम?"

बाबूमामा चहाची किटली घेऊन येऊन थांबला. समोरचा पंक्चरवालाही आला. चार माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती. शेवंता मागं मॅट कापत होती, तिचा हात थांबला. मेव्हणा शेडाच्या पत्र्याकडं बघत होता, जणू आत्ताच उचकटायचा आहे.

मी म्हणालो, "हिच्या हाताला बिडीची तंबाखू असती, अण्णा. सकाळभर बिड्या वळती आन् तसंच येती. तंबाखूचा हात लागला की चिकटत न्हाई. हिनंच बसवलंय ते."

मला तेव्हा ते खरंच वाटलं, असं मी पुढं स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. पण बोलताना माझ्या पोटात भीती होती आणि ती भीती बोलली. तंबाखू लागली की चिकटत नाही हे खरं होतं. हात कुणाचा, एवढंच मी बघितलं नाही.

अण्णा तिच्याकडं वळले. "कायगं? तुझ्या हातानं माझी आई गेली असती."

शेवंता उठली. हातातला मॅटीचा तुकडा खाली ठेवला, फर्मा कमरेला खोचला, पदर सारखा केला आणि घराकडं गेली. आमच्या माणसांच्या हाताचं पाणी घ्यायला लोक तेव्हाही कचरायचे. त्यात तिच्या हाताला तिच्या नवऱ्यानं नाव ठेवलं. हे मला त्या वेळी सुचलं नाही. सुचायला पाहिजे होतं.

अण्णा म्हणाले, "तीन दिस देतो. परत लाव. आन् माझ्या शेजारी बसून तोच घाट खाली यायचास. न्हाई टिकलं तर घाटात जे व्हायचं ते तुझंबी होऊ दे. टिकायचं न्हाई असं वाटत आसंल तर आत्ताच सांग, शेड मोकळी कर."

मी म्हणालो, लावतो.

एकट्यानं लावलं. बिडीचा हात नको म्हणून शेवंताला शेडाकडं येऊच दिलं नाही. काळजीनं तंबाखू नेहमीच्या दुप्पट खाल्ली. दोनदा घासलं, तळहात फिरवला, चार मॅटी टाकल्या. फुगे राहिले, पण म्हणालो, पॅच तर बसंल. सकाळी येऊन कडेला पेचकस घातला आणि जरा उचकटला.

सुटला. अख्खा.

मी तिथंच मातीत बसलो. शेवंतानं ह्याला बोट लावलं नव्हतं. ती घरात होती, बिड्या वळत होती. मग हे कुणी केलं? रेझिन जुनं झालं म्हणावं तर डब्यातलं उरलेलं दगड झालं होतं. हार्डनर बरोबर होतं. डोकं चालेना. एक दिवस उरला होता.

घरी गेलो. ती सूप मांडीवर घेऊन बसली होती. मी दारात उभा राहिलो.

"दुसरंबी सुटलं."

ती बिडी बांधत राहिली.

"तू चल."

"माझ्या हाताला तंबाखू हाय."

"चल म्हंतो न्हवं."

"चार मानसांनी ऐकलंय. आता आनी चार मानसांनी बघायचं हाय काय मी लावलेलं?"

मी दार सोडलं नाही. तसाच उभा. शेवटी तिनं सूप बाजूला ठेवलं. मोरीत जाऊन हात धुतले. आधी राखेनं, मग चिंचेनं, मग साबणानं. कोपरापर्यंत. दोन्ही हात उन्हात धरून वाळवले, मला दाखवले. मी बघितलं नाही. ती म्हणाली, "बघा." तेव्हा बघितलं. स्वच्छ होते. बिडीचा पिवळेपणा बोटांच्या टोकात मुरलेला असतो तेवढाच.

शेडात आलो. मी परत सगळं घासलं. तळहात फिरवला, अंगठ्यानं कड चाचपली. म्हणालो, "झालं."

ती म्हणाली, "सरा." आणि नवं पांढरं फडकं थिनरमध्ये बुडवून जागेवर दाबलं. एकदाच, कडेपासून कडेपर्यंत. फडकं उचललं.

त्याच्यावर पिवळसर तपकिरी डाग होता. वर माझ्या तळव्याची चापट आणि खाली, कडेला, माझा अंगठा. तंबाखू, चुना, थुंकी. छापल्यासारखा.

ती त्या फडक्याकडं बघत होती. मग माझ्या हाताकडं. मी हात मागं घेतला. तेवढ्यात दाराशी सावली पडली. मलगोंडाण्णा आले होते, काम कुठवर आलं बघायला.

"हिला कशाला परत आणलास?"

शेवंता म्हणाली, "मी नुसती पुसतीया, अण्णा. काम ह्येच करत्यात."

अण्णांनी फडकं बघितलं. "हे पिवळं काय आनी?"

मी तोंड उघडलं. परत मिटलं. शेडाचा पत्रा वाजत होता, मला तेवढंच ऐकू येत होतं.

ती म्हणाली, "माझ्याच हाताचं हाय, अण्णा. मागल्या खेपेचं. म्हणून तर पुसतीया." आणि फडक्याची डागाची बाजू आत घेऊन घडी घातली, कमरेला खोचली.

अण्णा मला म्हणाले, "बघ. कबूल तरी करती बिचारी." आणि चहाला बाबूमामाकडं गेले.

आम्ही दोघंच राहिलो. मी पोत्याचा पडदा खाली सोडला. ती म्हणाली, "आता तुम्ही हात लावू नका." डबा मी बाहेरच्या बाजूला कालवला. मॅटी तिनं बसवल्या. चार बोटं जोडून ओळीनं फिरवत गेली. मी नुसता बघत होतो. डबा हातात तापायला लागला, मी म्हणालो, "वेळ झाला." ती म्हणाली, "व्हय, दिसतंय."

दुसऱ्या दिवशी बॉनेट बसवलं. काचही नवी घातलेली. मी अण्णांच्या शेजारी बसलो. गाडी सुरू झाली तेवढ्यात शेवंता मागनं चढली.

मी म्हणालो, "तू कुठं?"

"मी बी येतो."

"उतर."

"का? टिकायचं न्हाई व्हय?"

अण्णा ऐकत होते. मी तोंड पुढं वळवलं.

अण्णांनी घाट चढवला. माथ्यावर जाऊन गाडी वळवली, हुकांवर एकेक बुक्की मारली, परत येऊन बसले. म्हणाले, "धर." आणि सोडली.

तो घाट मी शेकडो वेळा उतरलोय. त्या दिवशी संपेना. वेग वाढला तसं बॉनेट थरथरायला लागलं. फायबर थरथरतंच, हलकं असतं. पण माझे डोळे डाव्या कोपऱ्याला खिळले होते. हुकाची सळई हलत होती की माझी नजर हलत होती, कळत नव्हतं. ज्या वळणावर डोंगराला घासल्याचा पांढरा ओरखडा होता तिथं अण्णांनी मुद्दाम ब्रेकवरचा पाय काढला. वारा खालनं घुसला. कोपरा करकरला. मी दोन्ही हातांनी पुढची पट्टी धरली. मनात एकच होतं, मागं ती बसलीय आणि तिला कशाला येऊ दिलं मी.

कोपरा उठला नाही.

मी मागं वळून बघितलं. ती बॉनेटकडं बघतच नव्हती. दरीतली शेतं बघत होती, पदर दातात धरून. नंतर घरी विचारलं तर म्हणाली, "लावलंय म्या. त्यात काय बघायचं?"

खाली आल्यावर अण्णा उतरले. बॉनेट उघडलं, पॅचवर अंगठा घासला, नखानं उचकटून बघितलं. मग माझ्या पाठीवर थाप मारली. "आता खरं काम केलंस, यल्लाप्पा. बायकोला लांब ठेवलंस म्हणून टिकलं."

शेवंता तिथंच उभी होती. मी सांगू शकलो असतो. आता शेडही जाणार नव्हती, अण्णा खूश होते. मी म्हणालो, "व्हय, अण्णा."

रात्री जेवताना मी तिला म्हणालो, "तू तसं का म्हणालीस?"

ती भाकरी मोडत म्हणाली, "तुमच्या हाताचं म्हटलं आसतं तर शेड गेली आसती. माझ्या हाताला काय. बिड्या वळायच्याच हाईत." थोड्या वेळानं म्हणाली, "तंबाखूची चंची शेडाच्या भायेर खुंटीला लावत जावा." त्यावर आम्ही आयुष्यात परत बोललो नाही.

चंची बाहेर गेली. पुढं कुठलाच पॅच सुटला नाही. पण गिऱ्हाइकं यायची ती आधी बजावायची, "मिस्त्री, बायकोचा हात लावू नका हं." मी हो म्हणायचो. ती पोत्याच्या पडद्यामागं बसून सगळं करायची, आणि गिऱ्हाईक आलं की मी पुढं येऊन हात पुसायचो, मी केल्यासारखा. चिकोडीचे डॉक्टर, बेळगावचे वकील, सगळ्यांनी मला नावाजलं. वकिलांनी एकदा विचारलं, "तो कान कुठं गेला?" मी म्हणालो, "घरी असती आता." पडद्यामागं टिकटिक थांबली.

शेवटी तिला बोलता येत नव्हतं. दवाखान्यात मी तिचे हात धुवायचो, ओल्या फडक्यानं, बोट बोट सोडवून. तेव्हा सांगायचं ठरवून जायचो. रोज ठरवायचो. ती माझ्याकडं बघायची आणि मी फडकं पिळत बसायचो. तिला सगळं माहीत होतं. सांगायचं होतं ते तिला नव्हे, गावाला. तिच्यापुढं कबूल होणं सोपं होतं, तेही मला जमलं नाही.

गेल्या महिन्यात सदलग्याला गेलो. त्या चार माणसांतला आता कुणीच उरलेला नाही. मलगोंडाण्णांचा मुलगा आहे. जीप मळ्यात पडलीय, लोखंड सगळं गंजून गेलंय, चाकं नाहीत. बॉनेट मात्र कोंबड्यांच्या खुराड्यावर झाकण म्हणून घातलंय. मी उलटं करून बघितलं. डावा कोपरा. पॅच तसाच. त्यावर चार बोटांच्या ओळी अजून दिसतात, कडेपासून कडेपर्यंत. मी खिशातनं तिचा फर्मा काढून वाजवला. आयुष्यात पहिल्यांदा मला तो आवाज नीट ऐकू आला.

मुलगा म्हणाला, "हेच न्हवं ते, काका? बाबा सांगायचे. तुमच्या बायकोच्या हातानं बिघडलं होतं आन् तुम्ही परत नीट केलं."

मी त्याला सांगितलं. सगळं, फडक्यासकट. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "जाऊ दे काका. आता काय त्याचं."

त्याला जाऊ देता येईल. तिची आणि त्याची ओळख नव्हती. म्हणून मास्तरांना म्हटलं, गमती कमी छापा, पण एवढं खालचं गाळू नका. हा अंक निपाणीत जाईल, बोरगावात जाईल, सदलग्यात तर मी स्वतः नेऊन देईन.

ते बॉनेट माझ्या हातानं उडालं. टिकलं ते शेवंताच्या हातानं.